शेजारच्या घरात बाईला मार बसतोय: मुंबईत पहिल्यांदाच मदतीला उभं राहणाऱ्यांसाठी

वरच्या मजल्यावरच्या, शेजारच्या खोलीतल्या किंवा आपल्याच नात्यातल्या एखाद्या बाईला घरात मार बसतो हे आत्ता कुठे कळलंय आणि आता करायचं काय ते सुचत नाही, अशा माणसासाठी हे लिहिते आहे. महिला मंडळात नव्याने आलेल्या ताई, सोसायटीच्या कमिटीवर पहिल्यांदाच निवडून आलेले कुणी, लग्न करून मुंबईत आलेली आणि इथे कुणीच ओळखीचं नसलेली मुलगी, सगळ्यांनाच याचा उपयोग व्हावा. बोलताना सोपं जावं म्हणून नवरा-बायको म्हणते आहे. पण मारणारा दीर असतो, सासू असते, मुलगा असतो, लग्नाशिवाय एकत्र राहणारा जोडीदारही असतो. मार खाणारी आई किंवा बहीणही असते. कायदा या सगळ्याजणींना संरक्षण देतो.

आधी एक गोष्ट पक्की करू. आपलं काम भांडण मिटवण्याचं नाही. आपल्याकडे अशा वेळी बैठक बसते. मामा, काका, समाजातली दोन वजनदार माणसं येतात. नवऱ्याला दोन शब्द सुनावले जातात आणि बाईला चार. "पोरांकडे बघ", "तू पण जरा तोंड आवर", "भांड्याला भांडं लागतंच". चहा होतो, दोघांना एकमेकांच्या पाया पडायला किंवा हात मिळवायला लावतात, मंडळी निघून जातात. त्या रात्री तिला पुन्हा मार बसतो, आणि या वेळी घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून. बैठकीला आलेल्यांना मात्र संसार वाचवल्याचं समाधान असतं. मारहाण ज्यामुळे वर्षानुवर्षं चालते त्यात नवऱ्याच्या हाताइतकाच या समेटाचाही वाटा असतो, असं माझं ठाम मत आहे. ती एकटी पडू नये, तिला खरी माहिती मिळावी आणि निर्णय तिने घ्यावा, एवढंच आपलं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने वाचा.

बायका बोलत का नाहीत, हा प्रश्न मग उरत नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्के जणींनी.

पहिलं काम: हिंसा ओळखा

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसेचे चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व मानसिक, आणि आर्थिक. वळ दिसले तरच हिंसा, ही समजूत काढून टाका. नवऱ्याने केलेली शरीराची जबरदस्ती फौजदारी कायद्यात अजूनही बलात्कार धरली जात नाही, पण या कायद्यात ती हिंसा आहे.

मुंबईत सगळ्यात जास्त डोळ्यांआड होतो तो आर्थिक छळ. बाई कामाला जाते, पगार खात्यात येतो, एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात. लोकलच्या पासाला, सॅनिटरी पॅडला पैसे मागावे लागतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कमावती आहे, हिला काय कमी. दुसरं हत्यार म्हणजे जागा. या शहरात डोक्यावर छप्पर असणं म्हणजे काय ते सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून धमकीही तीच असते: "चल निघ, खोली माझ्या आईच्या नावावर आहे." या वाक्याला घाबरून शिकल्यासवरल्या बायकाही मध्यरात्री मुलांना घेऊन जिन्यात बसतात. कायदा वेगळं सांगतो. ज्या घरात ती संसार म्हणून राहते आहे, तिथून तिला कायदेशीर मार्गाशिवाय कुणी बाहेर काढू शकत नाही, खोली कुणाच्याही नावावर असो. सासरच्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. यामुळे तिला मालकी मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळतो. हा फरक तिला नीट समजावून सांगा, खोटी आशा लावू नका.

आवाज येतोय तेव्हा

दार वाजवा. बेल मारा. २००८ साली ब्रेकथ्रू या संस्थेने 'बेल बजाओ' ही मोहीम चालवली होती, ती एवढीच साधी होती. दार उघडल्यावर भाषण द्यायचं नाही. "काकू, तुमच्याकडे पाणी येतंय का?", "आमचं कुरियर तुमच्याकडे दिलंय का?" एवढं पुरतं. हात थांबतो, आणि कुणीतरी ऐकतंय हे दोघांनाही कळतं. एकट्याने जाऊ नका, आणि आत शिरून नवऱ्याला धरायला तर मुळीच जाऊ नका. हत्यार असेल, रॉकेल-पेट्रोलची भाषा ऐकू येत असेल, तिचा आवाज अचानक बंद झाला असेल, तर दाराशी वेळ न घालवता ११२ ला फोन लावा. मुंबई पोलिसांची महिलांसाठीची १०३ ही हेल्पलाइन आहे, राज्याची १८१ आहे, मुलांसाठी १०९८. इमारतीचं नाव, मजला आणि जवळची खूण आधी सांगा. वस्तीत असाल तर गल्लीच्या तोंडाशी कुणालातरी उभं करा, नाहीतर गाडी शोधत फिरते.

फोन केला म्हणून आपल्यावरच काही शेकेल ही भीती बहुतेकांना असते. २००५ च्या कायद्याचं चौथं कलम नेमकं आपल्यासाठी आहे. हिंसा होते आहे असं वाटायला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याच्या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र एक अक्षरही टाकू नका. "बी विंगमध्ये रोज तमाशा चालतो" हा मेसेज तिचा नवराही वाचतो.

तिच्याशी बोलणं

हे घाईने उरकायचं काम नाही, आणि नवी माणसं इथेच चुकतात.

जागा अशी हवी जिथे ती रोज जातेच आणि जिथे उभं राहून बोलणं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. नळ, शाळेचं गेट, भाजीवाला, रेशनचं दुकान, लोकलचा लेडीज डबा. तिच्या घरी जाऊन बोलू नका, फोनवर विचारू नका. कित्येक घरांत बायकोचा फोन रात्री तपासला जातो. सुरुवात आरोपाने करायची नाही. "तुझा नवरा मारतो का गं?" असं विचारलं की उत्तर "नाही, छे" हेच येणार. "काल आवाज ऐकला, मला काळजी वाटली. सांगावंसं वाटलं तर मी आहे," एवढं बोलून गप्प बसा. कदाचित ती त्या दिवशी काहीच बोलणार नाही. महिन्याने येईल.

बोलायला लागली की मध्ये तोंड घालू नका. "मग तू सोडत का नाहीस?" हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळा. तिने त्याचं उत्तर हजार वेळा शोधलेलं असतं: खोलीचं डिपॉझिट कुठून आणायचं, मुलांची शाळा, माहेरी भावाच्या वन बीएचकेत आधीच सहा माणसं, "दिल्या घरी सुखी राहा" म्हणणारी आई. आणि कधीकधी नवऱ्यावर जीवही असतो. तोही खोटा नसतो.

मग हळूच दोन गोष्टी विचारा. आज रात्री घरी जायला भीती वाटते का? आणि, त्याने कधी गळा दाबला आहे का? दुसरा प्रश्न न चुकता विचारा. गळा दाबल्याची खूण बऱ्याचदा दिसत नाही, पण ज्याने एकदा गळा दाबला आहे त्याच्याकडून जिवाला धोका असतो असंच समजायचं. गरोदरपणातली मारहाण, जाळून टाकण्याची धमकी, दिवसेंदिवस वाढत जाणारा संशय, याही तशाच खुणा. आणखी एक नीट लक्षात ठेवा: बाई घर सोडते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. म्हणून तिला जोशात येऊन "आत्ताच्या आत्ता निघ" म्हणू नका. निघायचंच असेल तर ठरवून निघायचं.

पिशवी आणि कागद

आधारकार्ड, पॅन, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शाळेची कागदपत्रं, लग्नाचा दाखला. दाखला नसेल तर लग्नाची पत्रिका आणि फोटो चालतात. दागिन्यांचे फोटो आणि मिळतील त्या पावत्या, कारण स्त्रीधन परत मागता येतं. मूळ कागद एकदम हलवले तर घरात कळतं, म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढून विश्वासातल्या कुणाला पाठवायचे आणि तिच्या फोनमधून पुसायचे. एक जोडी कपडे, औषधं, थोडी रोकड असलेली पिशवी शेजारी ठेवता येते. ती तुमच्याकडे ठेवली असेल तर घरातल्या इतरांनाही सांगू नका.

एक खुणेचा शब्दही ठरवून ठेवा. "मावशी, इडलीचं पीठ उरलंय का?" असा मेसेज आला की पोलिसांना फोन करायचा, एवढं ठरलेलं असलं तरी पुष्कळ.

आधी दवाखाना

मार लागला असेल तर पोलीस ठाण्याआधी सरकारी किंवा पालिकेचं हॉस्पिटल गाठा. जखमेसाठी तर आहेच, पण तिथल्या कागदासाठीही. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, "काय झालं?" नवरा किंवा सासू बाजूला उभी असते आणि बाई म्हणते, "बाथरूममध्ये पाय घसरला." केसपेपरवर तेच लिहिलं जातं, आणि दोन वर्षांनी कोर्टात तोच कागद तिच्या विरोधात वापरला जातो. म्हणून आपण सोबत असलो की एकच करायचं: तिला डॉक्टरांशी एकटीला बोलायला मिळेल असं बघायचं. नातेवाइकाला केसपेपर काढायच्या रांगेत पाठवा. मग ती जे सांगेल ते तसंच लिहायला सांगा: कुणी मारलं, कशाने, कधी. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमेची हॉस्पिटलमधली नोंद, झाली का ते विचारा, तिचा नंबर टिपून घ्या. जखमेचे फोटो त्याच दिवशी काढा आणि पुन्हा दोन दिवसांनी काढा, कारण काळंनिळं उशिरा उमटतं.

मुंबईत यासाठी एक चांगली सोय आहे आणि ती पुष्कळांना ठाऊकच नाही. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि सेहत या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. हिंसा सोसणाऱ्या बाईला हॉस्पिटलमध्येच समुपदेशक भेटावी, ही त्यामागची कल्पना. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. दवाखान्यात जायला बाईला नवऱ्याची परवानगी मिळते, संस्थेत जायला मिळत नाही, म्हणूनच ही कल्पना मला इतकी मोलाची वाटते. जवळच्या पालिका रुग्णालयात 'दिलासा कुठे आहे' असं विचारा.

पोलीस ठाणं

ठाण्यात गेल्यावर बहुतेक वेळा ठाणे अंमलदार म्हणतात, "एनसी घेऊ का?" एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. एक थप्पड, शिवीगाळ अशा गोष्टींवर तेवढीच होते, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस पुढे तपास करत नाहीत. म्हणून एनसी फालतू असं नाही. तारीख-वेळेसकट झालेली ती नोंद असते, आणि अशा चार एनसी एकत्र ठेवल्या की छळ सतत चालू होता हे दिसतं. प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही.

पण हाड मोडलं असेल, दात पडला असेल, हत्यार वापरलं असेल, किंवा छळच गंभीर असेल, तर एफआयआर हवा. नवरा आणि सासरच्यांच्या छळाविरुद्धचं पूर्वीचं कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे, १ जुलै २०२४ पासून. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या कलमाखाली फिर्याद तिने स्वतः किंवा तिच्या नातेवाइकाने द्यावी लागते, शेजाऱ्याने देऊन भागत नाही. हे ठाण्यात जाण्याआधीच माहीत असलेलं बरं. हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. नकार दिलाच तर तक्रार लेखी करून पोलीस उपायुक्तांकडे पाठवा आणि पोचपावती घ्या.

गुन्हा नोंदवला म्हणजे लगेच अटक होईल असं तिला सांगू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का हवी याची कारणं पोलिसांना नोंदवावी लागतात. नवरा संध्याकाळी घरीच येणार, हे गृहीत धरून त्या रात्रीची व्यवस्था आधी करा.

ठाण्यातल्या टेबलापलीकडे बसून बोलायला जमत नसेल तर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष शोधा. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात तो सुरू केला आणि पुढे राज्यभर पसरला. पोलिसांच्या आवारात बसणाऱ्या, पण पोलीस नसलेल्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या तिथे असतात. नवऱ्याला बोलावलं की तो येतो, कारण पत्ता पोलिसांचा असतो.

कोर्टाचा रस्ता

पुष्कळ जणींना नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नसतं, मार थांबवायचा असतो. २००५ चा कायदा त्यांच्यासाठी आहे. संरक्षण अधिकारी तिच्या सांगण्यावरून घटनेचा अहवाल भरतात, सगळे त्याला डीआयआर म्हणतात. त्यासोबत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज जातो. थेट अर्जही करता येतो. दादर, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, जे कोर्ट तिच्या भागाचं ते. ती सध्या माहेरी लालबागला असेल आणि सासर नालासोपाऱ्याला, तरी ती आत्ता राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. मागता येतं ते असं: मारू नये, तिच्या कामाच्या जागी येऊ नये असा आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क किंवा दुसऱ्या जागेचं भाडं, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई. तातडी असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश मिळू शकतो.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात. हे तिला आधीच सांगा, नाहीतर चौथ्या तारखेला ती खचते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून मागे फिरू नका. मोफत विधी सेवा मिळण्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही, कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. मजलिस ही १९९१ पासून मुंबईत काम करणारी संस्था तर बायकांच्या खटल्यांसाठीच उभी राहिली आहे. फ्लेविया अॅग्नेस तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी स्वतः हे सोसलं, मग वकिली शिकल्या.

समुपदेशन होईल, पण त्यालाही नियम आहे. मारण्याचं समर्थन तिथे नवऱ्याला करता येत नाही. "ती उलट बोलली म्हणून" हे तिथे ऐकून घेतलं जायला नको. समुपदेशक ते ऐकून मान डोलावत असतील तर तिने उठून यावं.

चार माणसं मिळून

मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांना एकत्र येण्याची जुनी सवय आहे. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत महागाईविरोधात लाटणी घेऊन उतरल्या त्या याच. मारकुट्या नवऱ्याच्या दारात जाऊन बसणारी मंडळं आजही आहेत, आणि लाजेपोटी काही जण सुधारतातही. पण हा उपाय तिला विचारल्याशिवाय करू नका. आपण थाळ्या वाजवून घरी जातो, ती आत त्याच्यासोबत राहते. धारावीत स्नेहा या संस्थेने वस्तीतल्याच बायकांना 'संगिनी' म्हणून तयार केलं. बाहेरच्या कार्यकर्तीला जे दिसत नाही ते गल्लीतल्या बाईला दिसतं, आणि तिच्याकडे जाताना कुणी संशय घेत नाही. तुमच्या मंडळाने हाच मार्ग धरावा असं मला वाटतं: प्रत्येक गल्लीत एक ओळखीचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याला हे सगळे नंबर पाठ.

पुरुषांनी बाजूला राहून चालत नाही. मावा ही पुरुषांचीच संघटना १९९३ पासून मुंबईत बायकांवरच्या हिंसेविरोधात काम करते. नवऱ्याशी बोलायचं झालं तर ते त्याच्या मित्राने, कारखान्यातल्या सोबत्याने, गणपती मंडळातल्या मोठ्या भावासारख्या माणसाने बोलावं: "तू मारतोस हे आम्हाला माहीत आहे आणि ते आम्हाला चालणार नाही." तिने काय सांगितलं याचा उल्लेखही नको. आणि जातपंचायत मध्ये पडून तक्रार मागे घे, नाहीतर वाळीत टाकू असं म्हणत असेल, तर तोच वेगळा गुन्हा आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला आहे.

ती परत गेली तर

पुष्कळदा जाते. आदेश मिळाल्यावर, कधी आदेशाच्या आधीच. तेव्हा मंडळातल्या ताई म्हणतात, "एवढं केलं आणि ही परत गेली, आता आपण नाही पडणार." असं म्हणालो की तिचं एकुलतं एक उघडं दार आपण बंद करतो, आणि नवऱ्याला नेमकं तेच हवं असतं. परत गेली तरी कागदांची फाईल तुमच्याकडे राहू द्या, खुणेचा शब्द तोच ठेवा, शाळेच्या गेटवर भेट झाली की नेहमीसारखं बोला. संरक्षण आदेश झालेला असेल आणि त्याने तो मोडला, तर तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यासाठी आदेशाची प्रमाणित प्रत ठाण्यात दाखवावी लागते. ती मिळाली की तिच्या चार झेरॉक्स काढा: एक स्थानिक पोलीस ठाण्यात पोच घेऊन, एक तिच्या कामाच्या ठिकाणी, एक मुलांच्या शाळेत, आणि एक तुमच्या कपाटात.